टर्की म्हणजे पंखांचा बोकड

पत्र असं आहे, थोडं आटोपतं करून देते:

"ताई, आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहतो. 3 एकर कोरडवाहू, कापूस, तूर, सोयाबीन. घरात पाच माणसं: सासूबाई, आम्ही दोघं, 14 वर्षांची मुलगी, 9 वर्षांचा मुलगा. आधी दर बाजाराला मटण यायचं. आता 800 रुपये किलो झालं, म्हणून महिन्यातून एकदा अर्धा किलो आणतो, मधे एखाद्या वेळी बॉयलर. मुलीचं शाळेत रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. यांनी मोबाईलवर टर्कीपालनाचे व्हिडिओ पाहिले. गावात एक माणूस गाडी घेऊन येतो. महिनाभराची 20 पिलं 5,000 रुपयांत देतो म्हणतो, मोठी झाली की परत विकत घेतो म्हणतो. बचत गटातून कर्ज काढायचं चाललं आहे. घरच्या मटणाची सोय होईल आणि चार पैसेही येतील, असं यांचं म्हणणं. मला भीती वाटते. घरी दोन शेळ्या आणि चार गावरान कोंबड्या आहेत. माझं काही नाही, मी रस्साच घेते, सत्त्व सगळं रश्श्यातच उतरतं. तर टर्की घ्यावी का?"

ताई,

तुमच्या पत्रातलं रश्श्याचं वाक्य मी तीनदा वाचलं. टर्कीचं सविस्तर सांगते, पण आधी हे.

सत्त्व रश्श्यात उतरत नाही. चव उतरते, मीठ उतरतं, वर तर्री येते. अंगाला लागणारं प्रथिन आणि रक्ताला लागणारं लोह बहुतेक फोडीतच राहतं. तुमच्यासारखंच माझी आईही म्हणायची, तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. ती सगळ्यांच्या मागून जेवायला बसायची आणि पातेल्याला लागलेला मसाला भाकरीनं पुसून खायची. म्हणून खाली जो काही हिशेब मांडते, तो पाच ताटांचा आहे. तुमचं ताट धरून पाच.

मुलीचं आधी बघा. त्या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की कमीच समजतात, आणि साडेनऊ काही थोडं कमी नव्हे. नुसत्या खाण्यानं ते भरून निघायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, जंताच्या गोळीचं विचारा, शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरंच गिळते का ते बघा. जोडीला खाटकाकडून पावभर कलेजी आणत जा. पंधरा दिवसांतून एकदा आणली तरी चालेल. लोह मांसापेक्षा तिच्यात जास्त असतं. मांसाची एक फोड पालेभाजीसोबत खाल्ली तरी भाजीतलं लोह अंगी जास्त लागतं, वरून लिंबू पिळलं तर आणखी. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो. कलेजीचे वाटे दोन करा, एक मुलीचा आणि एक तुमचा.

आता टर्की.

हा पक्षी मूळचा मेक्सिको आणि उत्तर अमेरिकेतला. आपल्या मुलखात तो काही व्हिडिओंमुळे आलेला नाही. 1612 साली मुकर्रबखान नावाच्या सरदारानं गोव्याहून जहांगीर बादशहासाठी एक आणला होता. बादशहाला त्याचं एवढं नवल वाटलं की त्यानं आपल्या रोजनिशीत त्याचं वर्णन लिहिलं आणि दरबारातल्या मन्सूर चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं. चारशे वर्षं झाली तरी तो आपल्या खुराड्यात रुळला नाही, त्याला कारणं आहेत. ती मला स्वतःच्या पैशानं कळली.

मी 12 पिलं घेतली होती, अशीच गाडीवाल्याकडून. महिन्याची म्हणून दिली, निघाली दहा-बारा दिवसांची. पहिल्या आठवड्यात पाच गेली. दाणा समोर, पाणी समोर, आणि पिलं उपाशी मेली. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघालं की टोचायला लागतं, टर्कीच्या पिलाला दाणा-पाणी दाखवावं लागतं. त्याची नजर मंद असते. पाण्याच्या ताटलीत रंगीत गोट्या टाकल्या की चमक बघून ते टोचतं आणि चोच ओली होते. हे मला नंतर कळलं. उरलेली सात छान वाढली, मी ती कोंबड्यांबरोबर अंगणात सोडली, आणि अडीच महिन्यांची असताना एकेक मान टाकून बसू लागली. विष्ठा गंधकासारखी पिवळी. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक मेलेलं पिल्लू उघडून दाखवलं. कलेजीवर गोल गोल खोलगट डाग होते. त्याला ब्लॅकहेड म्हणतात. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक कृमी असते, तिच्या अंड्यांतून हा रोग जमिनीत उतरतो. कोंबडीला त्याचं फारसं काही होत नाही. टर्की मात्र बहुतेक वाचत नाही, आणि ती जमीन वर्षानुवर्षं तशीच दूषित राहते.

तुमच्या अंगणात चार गावरान कोंबड्या फिरतात, म्हणजे ते अंगण टर्कीच्या कामाचं नाही. हे त्या गाडीवाल्यानं सांगितलं नसणार.

आता पैशाचं बोलू. टर्कीचा नर साधारण सहा महिन्यांत 8 ते 10 किलोचा होतो आणि तोवर 24 ते 26 किलो खाद्य खातो. मादी 4 ते 5 किलोची होते, 17 ते 19 किलो खाते. हिशेबाला खाद्य 40 रुपये किलो धरते, तुम्ही तुमच्या दुकानातला भाव घाला. 20 पिलं म्हणजे सव्वाचारशे किलोच्या वर खाद्य, म्हणजे 17,000 रुपये. तुमच्या घरी 5,000 च्या कर्जाचं बोलणं चाललं आहे, खरं ते 22,000 चं आहे. आणि 'परत विकत घेतो' हे तोंडी बोलणं आहे. इमूचे पक्षी आठवतात? 2012 साली तमिळनाडूतली मोठी इमू कंपनी बुडाली आणि हजारो लोकांचे पैसे अडकले. 2019 मध्ये सांगलीकडे कडकनाथ कोंबडीच्या पिलांचं तेच झालं. पिलं घ्या, अंडी आम्ही घेतो, पक्षी आम्ही घेतो. पक्षी वाईट नव्हते, विकत घेणारा पळाला. तुमच्या तालुक्याच्या बाजारात टर्की कापून विकणारं दुकान आहे का ते बघा. नसेल तर 20 पिलांचा विचार आजच सोडा. तुमची भीती खरी आहे. यजमानांना हे पत्र वाचून दाखवा, हवं तर माझ्या नावावर घाला.

पण यजमान अगदीच चुकीचं बोलत नाहीत, तेही सांगायला हवं. समजा 20 ऐवजी चारच पिलं घेतली, 1,000 रुपयांची. दोन मेली असं धरून चला. एक नर, एक मादी उरली. दोघांचं खाद्य 43 किलो, 1,720 रुपये. एकूण 2,720. दोघांचं मिळून जिवंत वजन साडेतेरा किलो, साफ केल्यावर दहा किलोच्या आसपास मांस. किलोला 272 रुपये पडले. मोठी टर्की हिरवा पाला पोटभर खाते, गवत, भाजीचे देठ, किडे, सगळं. त्यामुळे विकतचं खाद्य यापेक्षा कमीच लागेल. बॉयलरपेक्षा थोडं महाग, मटणाच्या निम्म्याहून स्वस्त, आणि मांस घट्ट, कमी चरबीचं. म्हणजे परवडतं.

अडचण वेगळीच आहे. एक नर कापला की सात किलो मांस एकदम समोर येतं. पाच माणसांच्या घरात, लोडशेडिंगमध्ये, ते ठेवायचं कुठे? अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरोघरी आख्खी टर्की भाजतात, तेव्हा पूर्ण कुटुंब गोळा होतं आणि उरलेलं फ्रीजमध्ये जातं. तो रोजच्या कालवणाचा पक्षी नाहीच, सणाचा आहे. आपल्याकडे सणाला, नवसाला काय कापतात? बोकड. आणि बोकड एकट्यानं कोणी खात नाही, वाटे पडतात.

म्हणून टर्कीला मोठी कोंबडी समजू नका, पंखांचा बोकड समजा. शेजारची तीन घरं आधी ठरवा. पिलांचे आणि खाद्याचे पैसे चार घरांत वाटून घ्या, पाळण्याची मेहनत तुमची म्हणून तुमचा हिस्सा पैशात कमी, मांसात बरोबरीचा. दसऱ्यानंतर महिन्याची पिलं आणली तर धुळवडीला पक्षी सहा महिन्यांचे होतात. त्या दिवशी तसंही घरोघरी मटण हवंच असतं आणि भाव चढलेला असतो. उन्हाळ्यापर्यंत ठेवू नका. 45 अंशांत खाद्य वाया जातं आणि पक्षी धापा टाकून मरतो.

पिलं ठेवायची शेतातल्या कोठ्यात, जिथे कधी कोंबडी फिरली नाही तिथे. तुराट्यांचा कूड करून आतून बारीक जाळी मारा, मुंगूस आणि रानमांजर तुराट्यांतून सहज शिरतात. कोंबड्यांकडून आलेल्या चपलांनी आत जायचं नाही, कोठ्याच्या चपला वेगळ्या. पहिले पंधरा दिवस लिटरभर पाण्यात 100 मिली दूध घालून द्यायचं आणि दहा पिलांमागे एक उकडलेलं अंडं कुस्करून, असं तमिळनाडूकडचे टर्कीपालक करतात. तुम्ही महिन्याची पिलं घेणार असाल तर हे लागायचं नाही, पण पिलं खरंच महिन्याची आहेत का ते हातात घेऊन बघा. पंख पुरते फुटलेले हवेत, नुसती लव नको. चार आठवड्यांपर्यंत त्यांना बल्बची ऊब लागते.

आणि खाद्याची एक गोष्ट जिवावरची आहे. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की काही महिन्यांत मेल्या. आधी कोणाला रोगच कळेना. शेवटी सापडलं ते खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत, तिला बुरशी लागली होती. त्या बुरशीच्या विषाला आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात, त्याचा शोधच टर्कीच्या मरणातून लागला. तुमच्याकडे परतीच्या पावसात भिजलेला मका, ज्वारी, शेंगा असतातच, आणि 'माणसाला नको, पाखरांना टाका' म्हणायची सवयही असते. टाकू नका. काळा पडलेला, कुबट वासाचा दाणा उकिरड्यावरही नको, तिथेच कोंबड्या टोचतात. सोयाबीन घरचं आहे म्हणून कच्चं देऊ नका, कच्च्या सोयाबीननं प्रथिन पचत नाही. भाजून भरडा करून द्या. सरकी आणि सरकीची ढेप शेळीला बेतानं चालते, पाखरांना नको. तिच्यात गॉसिपॉल नावाचं विष असतं, त्यानं पाखरं खंगतात आणि अंड्याचा बलक हिरवट होतो. फवारणीच्या दिवसांत पऱ्हाटीत पाखरं सोडायची नाहीत. 2017 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात त्या औषधांनी माणसं गेली, पाखरांची काय कथा.

कापल्यावर टर्कीच्या तंगडीत कडक पांढऱ्या शिरा दिसतात, वाळल्या काडीसारख्या. त्या चिमट्यानं ओढून काढा, नाहीतर दातात अडकतात आणि लोक म्हणतात मांस चिवट आहे. छातीचं मांस कोरडं पडतं, त्याचा खिमा करा. तंगडीचा रस्सा आपल्या वऱ्हाडी मसाल्यात झकास होतो: सुकं खोबरं, खसखस, दगडफूल भाजून वाटायचं, ज्वारीचं थोडं भाजकं पीठ लावून दाटवायचं. बॉयलरपेक्षा कुकरच्या शिट्ट्या दुप्पट द्या.

हे झालं वर्षातून एकदाचं. दर आठवड्याला ताटात काय पडेल, त्याची वाट माझ्या मते तुमच्या अंगणातूनच जाते, त्या चार कोंबड्यांवरून.

गावरान कोंबडी वर्षाला 60-70 अंडी देते. गिरिराज 130 ते 150 देते आणि उकिरड्यावर तशीच फिरते. नागपूरला सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं की सुधारित जातीची पिलं कुठून, कोणत्या महिन्यात मिळतील ते कळतं. सहा गिरिराज माद्या म्हणजे वर्षाला 780 अंडी, आठवड्याला 15. पाच ताटांना आठवड्यात तीन-तीन अंडी आली. बाजाराचा एक पैसा न घालता, बॉयलरसुद्धा न आणता. एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिन असतं. गिरिराज खुडूक बसत नाही, तुमच्या गावरान बसतात. म्हणून गावरान ठेवाच, गिरिराजची अंडी तिच्याखाली घाला, 21 दिवसांत पिलं निघतील. सातव्या दिवशी रात्री अंड्यामागे टॉर्च धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं जिवंत. कोरं दिसलं ते काढून टाका. निघालेल्या पिलांत निम्मे कोंबडे असतात. तेच चार-पाच महिन्यांत तुमचं मांस. अंड्यांवर आलेल्या तलंगा कापायच्या नाहीत, पाहुणे आले तरी.

मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस मात्र चुकवू नका. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या आत लासोटा, दोन महिन्यांची झाली की दुसरी लस. बाटलीत शंभर-दोनशे पाखरांचं औषध असतं, म्हणून लोक घेत नाहीत. गल्लीतल्या सगळ्या बायांनी एकाच दिवशी पाखरं धरून ठेवली की बाटली पुरते आणि खर्च दहा-वीस रुपयांवर येतो. दवाखान्यातून थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची.

शेळ्यांकडे वळते. तुमच्या पत्रात त्या नुसत्या येऊन गेल्या, पण घरात सगळ्यात मोठं मांस तेच आहे. आपल्याकडची वऱ्हाडी शेळी, जिची बेरारी म्हणून नोंद झाली आहे, ती उन्हाला आणि कोरड्या चाऱ्याला टिकते. तिचा बोकड तुम्ही व्यापाऱ्याला उक्ता विकता, तो डोळ्यानं अंदाज घेतो, आणि मग तुम्ही त्याच पैशातून 800 च्या भावानं अर्धा किलो परत आणता. यातला फरक व्यापाऱ्याच्या घरी जातो. वर्षातला एक बोकड विकू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावातच वाटे पाडा. 20 किलोच्या बोकडात 9 ते 10 किलो मांस निघतं, वर मुंडी, खूर, वजडी, कलेजी. दहा वाटे ठरवा, नऊ घरांकडून बाजारभावापेक्षा किलोला 100 कमी घ्या आणि पैसे आधी घ्या, उधारीचा वाटा पाडू नका. हाती येणारे पैसे व्यापाऱ्याच्या भावाशी ताडून बघा. शिवाय तुमचा वाटा, मुंडी, खूर घरात राहतील. खूर मंद आचेवर चार तास चुलीवर ठेवले की दोन जेवणं होतात. वजनाला काटा वापरा, नजरेनं पाडलेल्या वाट्यांत भांडणं होतात. दुसरा बोकड विकायचा असेल तेव्हाही आधी वजन करून मगच भाव बोला. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस शेळ्यांना टोचून घ्या, कोवळा चारा खाऊन एका रात्रीत करडं जातात ती त्यानंच.

मधल्या दिवसांना सुकट आहे, बाजारात सुके झिंगे मिळतात. मूठभर झिंगे धुऊन, भाजून, लसूण-तिखटात चटणी केली की पाच भाकऱ्यांबरोबर पुरते. धरणाजवळ असाल तर छोटी मासळी काट्यासकट खाता येते. शेतात फासे लावून तितर, लावा, ससा धरतात, ते मात्र यजमानांना करू देऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि वकिलावर गेलेल्या पैशात वर्षभराचं मटण आलं असतं.

मांस उरलं तर हळद-मीठ लावून, पाणी न घालता वाफवून, गार झाल्यावर फ्रीजमध्ये. फ्रीज नसेल किंवा वीज जाणार असेल तर उरेल एवढं आणूच नका. शिजवलेलं दोन तासांच्या वर उघडं राहू देऊ नका. आमच्या भागात काही घरांत मांसाच्या पातळ चान्या करून मीठ लावून मे महिन्याच्या उन्हात वाळवत. कडक वाळल्या तर महिनोन्महिने टिकतात, पण पावसाळ्यात हे करायला जाऊ नका.

यजमानांशी बोलताना 'टर्की नको' म्हणू नका. 'आधी सहा गिरिराज, दसऱ्यानंतर चार टर्की, कर्ज नाही' असं म्हणा. बचत गटाच्या बैठकीत कर्जाऐवजी लसीच्या बाटलीचा विषय काढा. आणि या महिन्यात जे अर्धा किलो मटण येईल, ते वाढायच्या आधी फोडी मोजा. साधारण वीस निघतील. पाच ताटं एकदम मांडा, प्रत्येकात चार, मग सगळ्यांना हाक मारा. सासूबाई काही म्हणाल्या तर त्यांच्या ताटातली नळी मोठी ठेवा.